गुणवंताजींची पंगत अन् पिवळ्या गोळ्या

आमच्या मोहगावात कोनाच्या घरी पोरीचं लग्न निघालं का तिचा बाप आधी बामनाकडे जाय अन् मंग आमच्या घरी ये. बामनाकडे मुहूर्ताले, अन् आमच्या घरी माह्या भासऱ्याले सांगाले. भासरे म्हनजे नवऱ्याचा मोठा भाऊ. नाव गुणवंताजी. तवा त्याईचं नाव मी तोंडातून काढत नव्हती. आता म्हातारी झाली, कोन काय करते माहं? घेतलं नाव.

सांगाचं काहून, त जेवाले. तुम्ही म्हनसान, जेवाले कोनीही येते, त्याच्यात काय मोठं? तसं नाही बाप्पा! आमच्याकडे लग्नात व्याह्याची पंगत राहे. सगळे लोक जेवून उठले का मुलाकडचा एक मोठा मानूस अन् मुलीकडचा एक, असे दोघं समोरासमोर पाटावर बसत. वाढनाऱ्यानं वाढत जावं, खानाऱ्यानं खात जावं. ज्यानं पयले पत्रावळीवर हात आडवा केला त्याचं घर हरलं. मंग जिंकलेल्या घरच्या बाया गाने म्हनत, अन् असे म्हनत का ऐकनाऱ्याचे कान लाल. मुलीकडचे हरले त तेच गाने त्या पोरीले सासरी दर सणाले ऐका लागत. "तुह्या बापाच्या घरी अन्न पचत नाही काय वं?" ज्याच्या घरात खानारा नसे तो उसना आने. अन् उसना म्हनजे आमचे भासरे.

ते कधी हरले नाही. सावरगावच्या एका लग्नात समोरचा मानूस पाटावरच आडवा झाला, अन् हे विचारतात, "कढी आहे काय अजून?" तिगावले त आचाऱ्यानं हात जोडले, म्हने महाराज, माह्या लेकराईसाठी गंजात थोडं ठेवलं आहे, तेवढं सोडा. अन् एवढं खाऊन अंगानं कसे? तुराटी! सदऱ्यात मानूस आहे का नाही, हात लावून पाहा लागे. लोक म्हनत, खाते त खाते, जाते कुठं? मी मनात म्हनत होती, माह्या जिवावर जाते, अजून कुठं जाईन!

हे असं पयलेपासून नव्हतं बरं. त्याईची बायको पयल्याच बाळंतपनात गेली. मंग घरात मन लागेना म्हनून लढाईच्या वेळी ते कामठीच्या फौजी छावणीत गेले, भटारखान्यात कामाले. तीन-चार वर्सं राहिले. परत आले ते ही भूक घेऊनच आले. तिथं काय खाल्लं, कोनाच्या हातचं खाल्लं, कच्चं खाल्लं का पक्कं खाल्लं, हे त्याईनं सांगितलं नाही अन् आमच्या घरात कोनी विचारलं नाही. विचारलं असतं त माही सोवळ्याची सासू, तवा होती ती, जित्तीच मेली असती.

आता माही कहानी ऐका. पंगत काय, महिन्यातून एखादी. बाकीचे दिवस हे थापत कोन होतं? मी! जवारीच्या भाकरी, सकाळी टोपलं, संध्याकाळी टोपलं. लोकाईच्या बाया संत्र्याच्या बगीच्यात सावलीले बसत, अन् मी चुलीपुढे. अन् बोलाची सोय नाही. भासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत, अन् तोंडातून शब्द नाही. त्याईनं माह्याशी बोलाचं नाही, मी त्याईच्याशी बोलाचं नाही, लग्न होऊन आली तवापासून असंच. काही सांगाचं झालं त मी भांड्याशी बोलत होती. "गंजा, पीठ संपलं रे, कोनी गिरनीवर जाईन त बरं होईन." ते ऐकून भासरे पिशवी घेऊन उठत. राग आला त गंज आपटत होती. आमच्या घरचा एकही गंज सरळ नाही, सगळे पोचे पडलेले. चूल म्हना का गंज म्हना, त्याईलेच माह्या मनातलं ठाऊक.

अन् भासऱ्याचा एक नेम होता. पुढ्यात वाढलेलं टाकाचं नाही. मीठ वाढलं त मीठ पन चाटून पुसून. तोच नेम नडला.

छप्पन सालची गोष्ट आहे. माह्या विजयाचं वरुडच्या घरी जमलं. चांगलं कास्तकार घर, पोरगा शिकलेला. जमलं तवा मोहगाव अन् वरुड एकाच मध्यप्रदेशात होते. मंग दिवाळीच्या सुमारास प्रांत फाटला. वरुड गेलं मुंबई राज्यात, अन् आम्ही राहिलो इकडेच. संत्र्याची झाडं तीच, बोली तीच, मधात सरकारनं रेघ ओढून देली. पोराचा मोठा बाप, म्हनजे बापाचा मोठा भाऊ, नत्थूजी, तो तिकडचा नामी खानारा. त्यानं निरोप धाडला, "तुळशीचं लग्न झालं का येतोच. आता पाहू मध्यप्रदेशाच्या पोटात किती जागा आहे." झालं! गावात आग लागली. सौसरच्या बाजारात लोक माह्या नवऱ्याले, भिवाजीले, थांबवून विचारत, "गुणवंताजी बरे आहेत ना? जपा बरं त्याईले." माह्या पोरीच्या लग्नाचं कोनी विचारे ना!

अन् नेमका तवाच भासऱ्याले थंडीताप आला. दिवसाआड येई. तीन गोधड्या टाकल्या तरी खाट वाजे. सौसरच्या दवाखान्यातला मुकुंद कंपाउंडर मलेरियाच्या कामावर गावोगाव फिरत होता, त्याले बोलावलं. तो आला तवा भिवाजी बगीच्यात होते, भासरे गोधडीखाली. मंग त्यानं मलेच सांगितलं. लढाईच्या वेळच्या पिवळ्या गोळ्या आहेत, दिवसातून तीनदा जेवल्यावर एक, पुडी सात दिवसाची. मी पदराआडून मान हालवली. तो सायकल घेऊन गेला.

जेवनाची वेळ झाली. ताप उतरला का भासरे लगेच पाटावर येत, तापाले अन् भुकेले त्याईनं वेगळं ठेवलं होतं. मी विचार केला, गोळ्या वाटीत काढून ताटाजवळ ठेवू, तेवढ्यात भिवाजी येतील अन् सांगतील. सगळी पुडी वाटीत रिकामी केली. चुलीवरची भाकर फुगत होती, ती उलटवली. मागं पाहते त वाटी साफ! बोट फिरवून पुसलेली. वरून तोंड वाकडं करून पानी पिऊन राहिले. कडू जहर लागलं असन, पन वाढलेलं टाकाचं नाही ना!

माही त बोबडीच वळली. "थांबा" म्हनाले तोंड उघडलं, पन भासऱ्याले कसं म्हनू? मी गंजालेच ओरडली, "अरे गंजा, सात दिवसाच्या होत्या रे त्या!" भासऱ्याच्या हातातला पेला तसाच राहिला. गंजाकडे पाहत, माह्याकडे पाहाचं नाही. आता कोनी म्हनते, देवकाबाई, चूक तुमची. माही काहून? ज्यानं ही पदराची रीत काढली त्याले शोधा अन् त्याले विचारा!

मंग जे झालं ते दुश्मनाच्या घरीही न होवो. उलट्या झाल्या. कान वाजू लागले. डोकं असं फिरलं का दोन दिवस गोठ्यातल्या बैलाले "या व्याही, बसा" म्हनत होते. अंग हळूहळू पिवळं झालं, डोळे पिवळे, नखं पिवळी. मी मारोतीले नारळ बोलली. विजयाचं लग्न जाऊ दे चुलीत, हा मानूस वाचला पायजे, एवढंच मनात होतं. भांडली गंजाशी, पन मानूस घरचा होता ना.

अन् तिसऱ्या दिवशी परसाकडून भिवाजीची हाक आली. जाऊन पाहते त काय! खाटेले विनतो ना ती नवार, तशी चपटी, लांब, अन् हळदीत भिजवल्यासारखी पिवळी. भिवाजी काडीवर गुंडाळून राहिले अन् ती संपेचना. मंग एका टोकाले बारीक डोकं दिसलं. हा पाहुना कामठीपासून त्याईच्या पोटात राहत होता!

मुकुंद आला अन् आधी त्यानं आम्हाले झाडलं. "एवढ्या गोळ्या एका दमात? हृदय बंद पडलं असतं, समजते काय!" मंग काडीवरची नवार पाहून तो शांत झाला. म्हने, हा पट्ट्याचा जंत. ह्या गोळ्या थंडीतापाच्या, पन मोठा डोस दिला त ह्या जंताले पन पाडतात. डॉक्टर समोर बसून, मोजून देते, असं ताटात वाढून नाही. मंग त्यानं विचारलं, "गुणवंताजी, अर्धकच्चं मांस कुठं खाल्लं होतं हो?" भासरे आढ्याकडे पाहत राहिले. मीही पोतेरं घेतलं अन् सारवत बसली.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव थंडीताप आला म्हनून कन्हू लागलं. सगळ्याईले पिवळी गोळी पायजे! मुकुंद दोन महिने आमच्या आळीतून सायकल न्यायचाच बंद झाला. अन् शेजारची अंबाबाई, तिचं वेगळंच. ती मले तोंडावर म्हनली, "देवके, त्याच्या पोटात नागदेवता होता वं. तू काढला. आता तुह्या घरी बरकत नाही राहत." म्हटलं, तुले पायजे त काडीसकट घेऊन जा, तुह्या घरी नांदव.

ताप गेला तो गेलाच. अन् ताप गेला तशी भूक पन गेली. भासरे दोन भाकरी खात अन् थांबत. खोटं काहून सांगू, मले लय आनंद झाला. टोपलं अर्धं झालं, पीठ पुरू लागलं, एक दिवस त मी दुपारी झोपली. लग्नाच्या घरात दुपारी झोपली, कोनाले सांगू नका.

पन मंग मानूस वाळू लागला. अंगानं नाही, अंगानं त उलट थोडे भरले. मनानं. मोहगावात लोक विचारत, "काय गुणवंताजी, दोनच?" अन् हसत. पांढुर्ण्याचे एक मोठे शेठ लग्नाचं आवतन घेऊन आले, दारातूनच ऐकलं अन् आवतन न देताच गेले. शेती भिवाजी पाहत, हिशेब भिवाजी पाहत, घर मी पाहत होती. ह्या मानसाकडे एक खानं होतं, ते गेलं. ओट्यावर बसून पिवळ्या नखाकडे पाहत राहत. मले पाहवत नव्हतं.

लग्न आठ दिवसावर आलं तवा मी दाराआडून ऐकलं. भासरे भिवाजीले म्हनत होते, "मी कामठीले जातो. मी बिमार आहे म्हन. मी बसलो त हरन, अन् पोरीले जन्मभर ऐका लागन." भिवाजी रडवेले झाले. "दादा, घरचा मोठा मांडवात नसन त लग्न कोनाचं? कन्यादानाच्या वेळी लोक कोनाले विचारतील?" भासऱ्यानं पिशवी खुंटीवरून काढली होती, ती परत टांगली.

मंग मीच कंबर कसली. म्हटलं, भूक गेली त परत आनू. ओवा, सुंठ, हिंग, जे सुचन ते. सकाळी चार भाकरी, मंग पाच, मंग सहा. भासरे मान खाली घालून खात. गोठ्यामागं जाऊन ओकत, ते मले नंतर समजलं. मी वाढतच राहिली. एक दिवस त्याईचा हात थोडा हालला, मले वाटलं आडवा करतात, म्हनून मी गंज आपटला. खा म्हटलं! पोरीसाठी खा! हे गंजाले म्हटलं.

लग्न लागलं. वरुडची वरात बैलगाड्या भरून आली. नत्थूजी उतरले त गाडीचं जू वर गेलं, असा मानूस. पांढरा फेटा, हळू बोलनं. व्याह्याची पंगत बसली, अन् मांडव असा भरला का लोक खांबाले लोंबकळले. आमच्या पोट्ट्याईनं "मध्यप्रदेश की जय!" म्हटलं, तिकडून "मुंबई राज्य की जय!" दोन्हीकडचे लोक महिन्याभरापयले एकाच कचेरीत खेटे घालत होते, अन् आता पुरनाच्या पोळीवर राज्य जिंकून राहिले!

तूप वाढाले मुलीची माय, ही रीत. मी पदर ओढून लोटा घेऊन उभी. ताटाएवढ्या चार पोळ्या झाल्या. पाच झाल्या. नत्थूजी बैलासारखे रवंथ करत होते, घाई नाही. आमच्या भासऱ्याच्या कपाळावर घाम. सहावी पोळी. मानूस चावत होता अन् गिळत नव्हता. डोळ्यातून पानी गालावर आलं, ते त्याईनं खांद्याले पुसलं, अन् पुन्हा घास घेतला. मी भिवाजीकडे पाहिलं, भिवाजी जमिनीकडे पाहत होते. विजयाकडे पाहिलं. मुंडावळ्या बांधलेली माही पोरगी, ओठ चावून माह्याकडे पाहत होती. अन् वरुडच्या बाया घसा साफ करून तयार.

वाढनाऱ्यानं सातवी पोळी टाकली. भासऱ्यानं तिले हात लावला. मले काय झालं मले नाही समजलं. मी लोटा खाली ठेवला, पदर मागं सारला, अन् भरल्या मांडवात म्हटलं,

"दादा, उठा. पुरे झालं."

नवरा दादा म्हने, मले दुसरा शब्दच ठाऊक नव्हता. खांबाले लोंबकळलेले लोक खाली उतरले. सुनेनं भासऱ्याशी बोलनं! तेही मुलीच्या लग्नात, व्याह्यासमोर! अंबाबाईनं कपाळावर हात मारला.

नत्थूजीनं घास खाली ठेवला. "म्हनजे मुलीकडचे हरले म्हना?"

"हरलो," म्हटलं. "पोरगी तुम्हाले देली, आता घरचा मानूस पन पायजे काय? गाऊ द्या बायाईले गाने, पोटभर गाऊ द्या. मी ऐकते, माही पोरगीही ऐकन. पन याईच्या तोंडात आता घास नाही."

भासरे पत्रावळीकडे पाहत होते. अर्धी पोळी, वरची सबंध एक, अन् तूप. जन्मात टाकलं नव्हतं. मंग त्याईनं पत्रावळ दुमडली, दोन्ही हातानं नीट दुमडली, अन् भिवाजीचा हात धरून उठले.

वरुडच्या बायाईनं सूर लावला. "अवं, थांबा वं!" नत्थूजी ओरडले. धोतराची गाठ सैल केली अन् मले हात जोडले. "ताई, तुम्ही घंटाभर आधी काहून नाही बोलल्या? मी तिसऱ्या पोळीपासून मरून राहिलो. माह्या घरी असं म्हननारी कोनी नाही." अन् त्याईनंही हात आडवा केला. मंग पानाच्या वेळी, लग्नापुरता आलेल्या मुकुंदाले खांबाआड नेऊन हळूच विचारलं, त्या पिवळ्या गोळ्या अजून मिळतात काय.

मांडव उतरला. विजया वरुडले गेली. घर असं सुनं झालं का मी गंज आपटाचंही विसरली. दोन दिवसानं दुपारी चुलीपाशी बसली होती, त भासरे सैंपाकघराच्या दारात आले अन् उंबऱ्याबाहेर बसले. पदर ओढावा का नाही, मले समजेना. भरल्या मांडवात बोलली, आता पदराले काय अर्थ?

"विजयाची माय," ते म्हनले. पयल्यांदा माह्याशी बोलले. आवाज बारीक होता, मले वाटलं होतं मोठा असन. "एक सांगू काय? रागावशीन नाही ना?"

"सांगा जी."

"त्या किड्याची भूक चार-पाच भाकरीची असन. त्याच्यावरच्या भाकरीची भूक मले कधीच नव्हती."

"मंग खाल्ल्या काहून?"

"तू वाढत होती. पुढ्यातलं टाकाचं नाही. अन् पुरे म्हनाचं त तुह्याशी बोला लागत होतं."

"हात आडवा कराचा!"

"केला होता एक डाव, कामठीहून आलो तवा. तू गंज असा आपटला का मंग मी हिंमतच नाही केली."

मी तिथंच मटकन बसली. दहा-अकरा वर्सं! टोपलंच्या टोपलं! मी गंजाले शिव्या देत थापत राहिली का ह्या मानसाची भूक भागत नाही, अन् हा मानूस माह्या रागाले भिऊन खात राहिला. लोकाईनं त्याचे नवस केले, आवतनं देले, प्रांत लढवले. मले हसू आलं अन् रडूही आलं, दोन्ही एकदम, अन् भासरे घाबरून उठू लागले.

"बसा," म्हटलं. ताट घेतलं. दोन भाकरी वाढल्या, वांग्याची भाजी वाढली, अन् मंग तोंडावरचा पदर सारून विचारलं, "दादा, अजून देऊ काय?"

त्याईनं माह्याकडे पाहिलं.

"नको," म्हनले.